मेंडेलीव्ह, आवर्तसारणी आणि टेबल हलवणारे आत्मे

अडगळीतला_दिवा:
सध्या मेंडेलीव्हचं एक जाडजूड चरित्र हातात आहे. तोच, आवर्तसारणीवाला. मधल्या एका प्रकरणात हे साहेब मूलद्रव्यं सोडून भुतांच्या मागे लागलेत. मला आधी वाटलं बाइंडिंगवाल्याने दुसऱ्याच पुस्तकाची पानं घातली, पण नाही, खरंच आहे. मे १८७५ ला पीटर्सबर्ग विद्यापीठाच्या भौतिकी मंडळात त्याने प्रस्ताव मांडला की शहरात हे जे टेबलं हलवून आत्म्यांशी गप्पा मारायचं खूळ पसरलंय त्याची नीट शास्त्रीय चौकशी करूया, आणि बारा जणांची समिती बसलीसुद्धा.

आता समोरच्या पार्टीत कोण होतं बघा. कोणी बुवाबाबा नाही. अलेक्सांद्र बुटलेरोव, म्हणजे सेंद्रिय रसायनात रेणूची रचना हा विचार १८६१ साली ठामपणे मांडणारा माणूस, मेंडेलीव्हचाच सहकारी. निकोलाय वाग्नेर, प्राणिशास्त्राचा प्राध्यापक. आणि या दोघांना यात ओढणारा अलेक्सांद्र अक्साकोव, बडा सरकारी अधिकारी, घरचा खाऊनपिऊन सुखी. वाग्नेरने एप्रिल १८७५ मध्ये एका नावाजलेल्या मासिकात ब्रेदिफ नावाच्या फ्रेंच माध्यमाच्या (म्हणजे ज्याच्यामार्फत आत्मे बोलतात म्हणे, अशा माणसाच्या) बैठकीत आपण काय काय पाहिलं ते सविस्तर लिहिलं, त्यावरून जी बोंबाबोंब झाली त्यातून ही समिती निघाली.

मार्च १८७६ ला समितीचा निकाल आला. या घटना एकतर नकळत होणाऱ्या हालचालींनी होतात नाहीतर जाणूनबुजून केलेल्या फसवणुकीने, आणि आत्म्यांची ही शिकवण म्हणजे अंधश्रद्धा. विषय संपला? तर नाही ना! त्यानंतरच रशियात या मंडळींची भरभराट झाली. माझं मत असं की मेंडेलीव्हने विस्तवावर पाणी म्हणून रॉकेल ओतलं. तुम्हाला काय वाटतं? आणि बुटलेरोवसारखा माणूस याला भुललाच कसा?

खवट_खोबरं:
पहिला! आता निवांत वाचतो.

मृण्मयी_क:
छान विषय, वाचनखूण साठवली. आमच्या लेडीज होस्टेलला वाटी उलटी टाकून प्लँचेट चालायचं, आत्म्यांना फक्त युनिव्हर्सिटीचा पेपर विचारायचा असायचा आणि आत्मे कायम सिलॅबसबाहेरचं सांगायचे.

बोरीबंदर:
रासपुतीन पण याच टोळीतला ना? झार, झारीण, हिप्नॉटिझम वगैरे.

अडगळीतला_दिवा:
@बोरीबंदर नाही हो. रासपुतीन सायबेरियाचा शेतकरी, तीर्थयात्रा करत फिरणारा, प्रार्थनेने बरं करतो म्हणून दरबारात पोचलेला. टेबलावर बसून मेलेल्यांना बोलावणं हा त्याचा प्रांत नाही. तो काळही जवळजवळ तीस वर्षांनी पुढचा. प्रेतात्मवादी म्हणजे जास्त करून ड्रॉइंगरूमवाले लोक, फ्रेंच बोलणारे.

रसायन_मास्तर:
निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक या नात्याने मध्ये तोंड घालतो. तीस वर्षं वर्गात बुटलेरोवचं नाव घेतलं पण हे प्रकरण पाठ्यपुस्तकात कुठे असणार!

बुटलेरोव भुलला हा शब्दच मला जरा घाईचा वाटतो. त्याच्या बाजूने विचार करा. १८५३ मध्ये युरोपभर टेबलं फिरायला लागली, रशियातही त्याच वर्षी पोचली आणि मॉस्कोचे मुख्य धर्मगुरू फिलारेत यांनी लगेच लोकांना यापासून लांब राहायला सांगितलं. त्याच वर्षी लंडनमध्ये फॅरेडेने दोन फळ्यांमध्ये रूळ ठेवून दाखवून दिलं की टेबल आपोआप हलत नाही, बसलेल्यांचे हातच नकळत ढकलतात. म्हणजे मेंडेलीव्हने १८७६ ला जे सांगितलं त्यातलं निम्मं बावीस तेवीस वर्षं आधीच सांगून झालं होतं. पण पुढे थॅलियम शोधणारा क्रुक्स, तो म्हणाला होम नावाच्या माध्यमापुढे मला तराजूवर फरक दिसला. मग बुटलेरोवने काय म्हणायचं? क्रुक्सचा थॅलियम खरा आणि तराजू खोटा? त्याची भूमिका साधी होती, घटना आधी नोंदवा, कारण मागाहून शोधू. शास्त्रज्ञाला शोभणारीच आहे ती. घोटाळा असा की माध्यम नावाचा प्राणी प्रयोगशाळेतल्या क्षारासारखा वागत नाही, त्याला फसवायचं असतं.

तिरफळ:
मास्तर, दंडवत. पण होम कोण ते सांगा की, सगळे गृहीत धरून चाललेत.

रसायन_मास्तर:
डॅनियल डंग्लस होम. स्कॉटलंडमध्ये जन्म, अमेरिकेत वाढला, युरोपातल्या राजवाड्यांतून बैठका करत फिरायचा. १८५८ ला पीटर्सबर्गला आला, झार दुसरा अलेक्झांडर याच्यासमोर बैठका झाल्या, तिथल्याच खानदानी घरातल्या मुलीशी लग्न झालं आणि लग्नाला पाहुणा कोण तर कादंबरीकार अलेक्झांडर द्यूमा. ती बायको लवकर गेली. १८७१ मध्ये दुसरं लग्न, तेही रशियन मुलीशी, आणि ही बुटलेरोवच्या बायकोच्या नात्यातली. अक्साकोवही त्याच गोतावळ्यातला.

खवट_खोबरं:
म्हणजे सासुरवाडीचं प्रकरण! बुटलेरोवचं कोडं सुटलं. बायकोकडच्या पाहुण्यांनी टेबल हलवलं तर कोण माईचा लाल म्हणेल की हलवलं नाही?

मृण्मयी_क:
हसून हसून पुरेवाट.

निशाचर७:
लोल, पण मुद्दा बरोबर आहे. या चळवळी नात्यागोत्यातूनच पसरतात. सत्संगाचं बघा.

जाता जाता, त्याच १८७१ ला होमची पीटर्सबर्गच्या प्राध्यापकांसमोर बैठक झाली होती, टेबल काचेचं, म्हणजे खालचे पाय दिसणार. काहीही घडलं नाही! बुटलेरोव त्या बैठकीला होता. तरी विश्वास डळमळला नाही. मास्तर, "घटना आधी नोंदवा" म्हणता, मग न घडलेली घटना कोण नोंदवणार?

रसायन_मास्तर:
@निशाचर७ मान्य. तिथे त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं, वातावरण अनुकूल नव्हतं, अविश्वासू माणसं बसली होती. असं उत्तर एकदा चालवून घेतलं की कुठलाच प्रयोग फसत नाही.

वाग्नेरचं मात्र मला समजतं. १८६२ च्या सुमारास त्याने शोधून काढलं की एका जातीच्या माशीची अळी, पूर्ण वाढ व्हायच्या आधीच, पोटातून दुसऱ्या अळ्यांना जन्म देते. लोकांचा विश्वासच बसेना. नंतर इतरांनीही पाहिलं, मान्य झालं, मोठं नाव झालं. आता ज्याने एकदा "अशक्य" म्हणणाऱ्या पंडितांना डोळ्यांदेखत गप्प बसवलंय तो दुसऱ्यांदा का घाबरेल? शिवाय हा माणूस टोपणनावाने लहान मुलांसाठी परीकथा लिहायचा, आणि त्या रशियात खूप वाचल्या जायच्या.

जोशीकाका_डोंबिवली:
नमस्कार. धागा उत्तम चालला आहे पण सगळे एकाच सुरात "फसले बिचारे" म्हणत आहेत म्हणून लिहितो. आम्ही स्वतः घरातल्या माणसाचा अनुभव घेतला आहे, तपशील देत नाही, इथे टिंगल होते. सगळंच हातचलाखी नसतं. समितीने तरी काय केलं? अक्साकोवशी किमान चाळीस बैठकांचं बोलणं झालं होतं म्हणे, मग आठ दहा बैठकांत निकाल कसा लागला?

अडगळीतला_दिवा:
@जोशीकाका, टिंगल नाही काका, आणि हा मुद्दा खरंच वजनदार आहे. अक्साकोवने इंग्लंडहून न्यूकॅसलचे पेटी आडनावाचे माध्यम बंधू आणले, दोघं पोरसवदा, त्यांच्यापुढे फारसं काही घडलं नाही. मग क्लेअर नावाची माध्यम बाई आणली. मेंडेलीव्हने खास दोन टेबलं बनवून घेतली. एकात हाताचा दाब मोजायची सोय, दुसऱ्याचे पाय बाहेर तिरके फाकवलेले, म्हणजे सहज कलंडणार नाही. अक्साकोव, बुटलेरोव, वाग्नेर यांचं म्हणणं, समिती पहिल्या दिवसापासून पूर्वग्रह धरून बसली आहे, आम्हाला आरोपीसारखं वागवते. ते बाहेर पडले. निकाल छापून आल्यावर शंभरावर लोकांनी सह्या करून वर्तमानपत्रात निषेध केला, त्यात बडी बडी मंडळी होती.

प्रक्रिया म्हणून मेंडेलीव्ह घाईत होता हे मला पटतं. निकाल चुकला असं नाही म्हणत.

सांजवात:
इथे दस्तयेव्हस्की कोणीच आणला नाही याचं आश्चर्य वाटतंय. तो त्या वेळी स्वतःची एक दैनंदिनी मासिकासारखी छापायचा. जानेवारी १८७६ च्या अंकात त्याने हसत हसत लिहिलंय की हे आत्मे म्हणजे सैतानच आहेत आणि फार हुशार राजकारणी आहेत, लोकांना मोठे शोध देऊन खूश करण्याऐवजी क्षुल्लक टकटक करून भांडणं लावतात. मग फेब्रुवारीत तो स्वतः अक्साकोवच्या घरी बैठकीला गेला, लेखक लेस्कोवही होता. आल्यावर लिहिलं की आधी थोडीफार शक्यता वाटत होती, आता विश्वास ठेवणं मला जमणारच नाही. पण गंमत बघा, त्याच दमात तो समितीलाही झोडपतो, की तुमच्या अहवालाचा सूर इतका तुच्छतेचा आहे की ज्याला विश्वास ठेवायचाय तो तुमच्यामुळे हलणार नाही.

म्हणजे अडगळीतला_दिवा जे म्हणतोय ते दस्तयेव्हस्कीने तेव्हाच म्हणून ठेवलंय.

टॉल्स्टॉयने तर एक अख्खं विनोदी नाटक लिहिलं यावर. घरात आत्म्यांची बैठक, मोलकरीण सोफ्याखाली लपून दोरे ओढते आणि आत्म्याच्या हुकुमाने मालकाकडून शेतकऱ्यांच्या जमिनीच्या कागदावर सही घेते. त्यात जो लंबंचवडं शास्त्रीय भाषण ठोकणारा प्रोफेसर आहे तो पाहून वाग्नेर इतका दुखावला की त्याने टॉल्स्टॉयला पत्र लिहिलं.

तिरफळ:
ती मोलकरीण खरी हिरॉईन. सातबारा आत्म्याकडून नावावर करून घ्यायची आयडिया कोकणात चालेल का? आमच्या घरात सतरा हिस्सेदार आहेत.

खवट_खोबरं:
@तिरफळ सतरा हिस्सेदारांपैकी नऊ मेलेलेच असतील, त्यांच्या सह्या प्लँचेटवरच घ्याव्या लागतील.

बर्लिनवाली:
मी इकडे जर्मनीत असते, लाइपझिगला अधूनमधून कामाला जाणं होतं, म्हणून सांगते. रशियन आत्म्यांचा छापखाना लाइपझिगला होता! रशियात चर्चची सेन्सॉरशिप कडक, आत्म्यांबद्दल जे काही बोलायचं ते चर्चने बोलायचं, बाकीच्यांनी नाही. म्हणून अक्साकोवने स्वीडिश गूढवादी स्वेडनबोर्गच्या स्वर्ग नरकाच्या पुस्तकाचं रशियन भाषांतर १८६३ ला इथे छापलं, आणि १८७४ पासून जर्मन भाषेत मासिकच सुरू केलं.

आणि मग रशियात सेन्सॉरला चकवा कसा दिला ते भारी आहे. १८८१ ला प्रिबित्कोव नावाच्या नौदल अधिकाऱ्याने साप्ताहिक काढलं, नाव 'रेबुस', म्हणजे चित्रकोडं. परवाना कोडी छापायचा! कोडी छापायची आणि हळूहळू मध्ये आत्मे सरकवायचे. त्याची बायको स्वतः माध्यम. हे साप्ताहिक पुढे मॉस्कोला हलवलं आणि १९१७ पर्यंत चाललं. ब्र्यूसोवसारखा प्रतीकवादी कवीही त्यात लिहायचा.

निशाचर७:
शब्दकोड्याच्या आडून भूत. मानलं.

जोशीकाका_डोंबिवली:
या मंडळींचं तत्त्वज्ञान काय होतं ते कोणी लिहील का? सगळे प्रसंगच सांगत आहेत. आत्मा मानत होते म्हणजे पुनर्जन्मही मानत होते का?

सांजवात:
@जोशीकाका, चांगला प्रश्न. यात एकमत नव्हतं. फ्रान्समधल्या कार्देकच्या पंथात पुनर्जन्म हा पायाच. आत्मा शरीर सोडतो, त्याला एक सूक्ष्म देहाचं आवरण असतं, त्यामुळेच तो जड वस्तू हलवू शकतो, आणि जन्मोजन्मी सुधारत जातो. इंग्लंड अमेरिकेतल्यांना पुनर्जन्म बहुतेक नको असायचा. रशियात दोन्ही वारे आले. अक्साकोव स्वतः कार्देकच्या पुनर्जन्माच्या विरोधात होता, त्याला सिद्धान्तापेक्षा प्रयोग हवे होते.

त्याचं मुख्य पुस्तक १८९० चं, एका जर्मन तत्त्वज्ञाने केलेल्या टीकेला उत्तर म्हणून लिहिलेलं. त्यात तो घटनांचे तीन ढीग करतो. काही माध्यमाच्या स्वतःच्या मनाच्या, त्यालाच नकळत. काही त्याच्याच मनाच्या पण शरीराबाहेर घडलेल्या, म्हणजे दूरच्या माणसाला दिसणं वगैरे. या दोन्हींनी जे उलगडत नाही तेवढंच मेलेल्यांचं. मला हे वाचून बरं वाटलं होतं खरं सांगते, कारण पहिल्या ढिगात तो स्वतःच बरंच काही टाकून देतो.

आणि चर्चला राग का, तर चर्चच्या मते मेलेला माणूस टेबलावर येऊच शकत नाही, येतो तो सैतान. उलट प्रेतात्मवादी म्हणायचे आम्ही तर धर्माचे मित्र. १८६० च्या दशकातली तरुण पिढी बेडूक चिरून आत्मा नाही म्हणत होती, आम्ही त्यांना त्यांच्याच भाषेत, प्रयोगाने, आत्मा दाखवतो. म्हणजे पाद्री आणि मेंडेलीव्ह दोघांचाही मार खायची सोय.

निशाचर७:
तोच अक्साकोव पण १८९३ मध्ये हेल्सिंकीला एका बैठकीनंतर लिहून बसला की खुर्चीत बसलेल्या माध्यम देस्पेरान्स बाईंचे पाय काही वेळ नाहीसे झाले होते, अंधारात, हाताने चाचपून बघितलं म्हणे. त्यावर अख्खं पुस्तक आहे. तीन ढीग वगैरे ठीक आहे ताई, पण पाय कुठल्या ढिगात?

सांजवात:
@निशाचर७ पाय घागऱ्याच्या ढिगात :)

कोकणी_भूत:
आयडीमुळे मला लिहिणं भाग आहे.

एक गोष्ट सुटतेय. हे सगळं पीटर्सबर्गच्या दिवाणखान्यातलं. खेड्यातल्या रशियन माणसाला याचं काय कौतुक, त्याच्या घरात चुलीमागे घराचा राखणदार आत्मा आधीपासून राहतच होता! आणि अक्साकोव खेड्यातल्या केसेसही गोळा करत होता. १८५३ मध्ये खार्किवजवळच्या लिप्त्सी गावात एका कॅप्टनच्या घरी दगड पडायला लागले, भांडी उडायला लागली, आगी लागायला लागल्या, पोलीस पहारा बसला तरी चालूच. वाचून मला एकच शब्द आठवला, भानामती. लातूर बिदर पट्ट्यातल्या बातम्या आणि त्या केसेस शेजारी ठेवल्या तर नावं बदलायची फक्त. आपल्याकडे अंनिसवाले जाऊन घरातला दगड मारणारा माणूस शोधून काढतात, तिकडे अक्साकोव जाऊन म्हणाला, बघा, आमच्या आधीपासून आत्मे कामाला लागलेत.

बोरीबंदर:
भारताचा संबंध निघालाच आहे तर थिऑसॉफी या गूढ पंथाची मादाम ब्लाव्हाट्स्की कुठे आहे? आमच्या गिरगावात राहून गेली आहे ती, एवढं माहितीये.

बर्लिनवाली:
@बोरीबंदर हो! आणि ती थेट या समितीच्या गोष्टीत बसते. १८७५ ला ती न्यूयॉर्कमध्ये होती. अक्साकोवने तिला आणि तिचे सहकारी कर्नल ऑल्कॉटना कळवलं की समितीसमोर उभा करायला एक चांगला अमेरिकन माध्यम निवडून द्या. त्यांनी हेन्री स्लेड निवडला, पाटीवर आत्मे लिहितात तो. हा वाटेत लंडनला थांबला, १८७६ मध्ये तिथे फसवणुकीवरून कोर्टात खेचला गेला, शिक्षा झाली, अपिलात तांत्रिक मुद्द्यावर सुटला. पीटर्सबर्गला पोचला १८७८ ला, तोवर समितीचं दुकान केव्हाच बंद.

ब्लाव्हाट्स्की फेब्रुवारी १८७९ ला मुंबईत उतरली, आधी गिरगाव, मग ब्रीच कँडीला, ऑक्टोबर १८७९ ला थिऑसॉफिस्ट मासिक मुंबईतूनच सुरू केलं, १८८२ च्या शेवटी अड्यारला गेली. मुंबईतून ती राद्दा बाई या नावाने मॉस्कोच्या वर्तमानपत्राला प्रवासवर्णन पाठवायची, कार्ल्याची लेणी वगैरे आहेत त्यात. कल्पनेची फोडणी सढळ हाताने.

पण तोवर ती प्रेतात्मवाद्यांपासून फुटली होती. तिचं म्हणणं, बैठकीत येतात ते तुमचे आजोबा नव्हेत, आजोबांचं टाकून दिलेलं टरफल येतं. यावर जुने दोस्त भयंकर चिडले. गंमत म्हणजे तिची सख्खी बहीण त्याच 'रेबुस'मध्ये तिची बाजू लिहीत होती.

बोरीबंदर:
राद्दा बाई! आमच्या चाळीतल्या कुणाचं तरी नाव वाटतं.

मृण्मयी_क:
अवांतर: चित्रकार रोरिक पण ना? कुलूवाले.

सांजवात:
@मृण्मयी_क हो, रोरिक पतिपत्नीनेही १९२० च्या सुमारास टेबलाच्या बैठका केल्या होत्या, त्यातून मग गुरूंचे संदेश, अग्नियोग नावाची त्यांची शिकवण. डिसेंबर १९२३ ला मुंबईतच उतरले. पण तो वेगळा धागा होईल.

लाल_चौक:
उशिरा आलो. मी ८९ साली मॉस्कोत शिकायला होतो. क्रांतीनंतर 'रेबुस' बंद, आत्मे बंद, सगळं पुस्तकात वाचलेलं. आणि एके दिवशी होस्टेलच्या दारावर बसणाऱ्या आजी, कट्टर पार्टीवाल्या, टीव्हीसमोर पाण्याच्या बरण्या मांडून बसलेल्या. चुमाक नावाचा माणूस टीव्हीवर हात फिरवून पाण्यात शक्ती भरायचा, तोंडातून शब्द नाही. दुसरा काश्पिरोव्स्की, तो नजरेने बरं करायचा. आजींनी मलाही ते पाणी पाजलं, गुडघ्याला चांगलं म्हणाल्या. माझा गुडघा दुखतच नव्हता.

सत्तर वर्षांचा नास्तिक कारभार संपायच्या आधीच हे सरकारी टीव्हीवर. तेव्हा धागाकर्त्याला माझं उत्तर, मेंडेलीव्हमुळे वाढलं नाही आणि त्याच्यामुळे थांबणारही नव्हतं.

जोशीकाका_डोंबिवली:
सहमत.

अडगळीतला_दिवा:
@लाल_चौक, विचार करायला लावलंत, पण माझा मुद्दा अजून सोडत नाही. १९०६ ला मॉस्कोत रशियन प्रेतात्मवाद्यांची परिषद भरली. १८७५ आधी मूठभर लोकांची हौस, पेपरात वर्षभर गाजल्यावर सगळ्या देशाला पत्ता कळला. फुकट जाहिरात म्हणतात ती हीच.

मेंडेलीव्हने समितीची कागदपत्रं १८७६ मध्ये पुस्तक करून काढली आणि त्यावर छापलं की विक्रीचे पैसे मोठा हवाई फुगा बांधायला आणि वरच्या हवेचा अभ्यास करायला वापरणार.

खवट_खोबरं:
भुतांच्या पैशाने विमान. याला म्हणतात गुंतवणूक.

रसायन_मास्तर:
तो फुगा त्या पैशात झाला नाही, पण १८८७ च्या सूर्यग्रहणाला हा माणूस लष्कराच्या फुग्यातून एकटा वर गेला. सोबतच्या चालकाला उतरवून! ओल्या फुग्याला दोघांचं वजन पेलेना म्हणून.

मूळ प्रश्नाला मात्र एक जोड देतो. सगळ्यांना वाटेल १८७६ नंतर बुटलेरोव आणि मेंडेलीव्ह एकमेकांचं तोंड बघत नसतील. १८८० ला विज्ञान अकादमीत जागा रिकामी झाली. मेंडेलीव्हचं नाव सुचवणाऱ्यांत बुटलेरोव होता. अकादमीतल्या बहुमताने मेंडेलीव्हला पाडलं, तर बुटलेरोवने गप्प न बसता १८८२ मध्ये वर्तमानपत्रात लेख लिहून जाहीर विचारलं की ही अकादमी रशियन आहे की नुसतीच सम्राटाची. ज्याने आपल्या श्रद्धेला छापील अंधश्रद्धा म्हटलं त्याच्यासाठी. त्यामुळे "भुललाच कसा" हे विचारणाऱ्यांना मी सांगेन की माणूस भोळसट नव्हता, मेंडेलीव्हची किंमत त्याला बरोबर कळली होती.

निशाचर७:
मास्तर हे माहिती नव्हतं. किती मतांनी पडला?

रसायन_मास्तर:
फार थोड्या. मतदान गुप्त, पांढऱ्या काळ्या गोळ्यांनी.

तिरफळ:
गोळ्या कोणी टाकल्या ते प्लँचेटवर विचारूया का, मृण्मयीताई वाटी आणतील.

मृण्मयी_क:
वाटी आणते, पण पहिला प्रश्न माझा. सेकंड इयरच्या ऑरगॅनिकच्या पेपरचं बुटलेरोवला विचारायचं राहिलंय.